नऊ फुटांचे वाद्य आणि दहा फुटांची खोली

पियानो हे वाद्य आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेले असते, थोड्यांनी ऐकलेले असते आणि फारच थोड्यांनी विकत घेतलेले असते. ज्यांनी घेतले त्यांच्यापैकीही आडव्या, पक्ष्याच्या पंखासारख्या आकाराच्या, तीन पायांवर उभ्या राहणाऱ्या ‘ग्रँड’ पियानोपर्यंत पोचलेले विरळाच. याचे कारण केवळ किंमत हे नव्हे. पैशांची तजवीज झाली तरी एक प्रश्न शिल्लक उरतोच, आणि तो म्हणजे जागेचा. हे वाद्य ठेवावे कोठे?

प्रथम मापे पाहू. सभागृहात वाजविला जाणारा पूर्ण लांबीचा ग्रँड पियानो सुमारे नऊ फूट लांब व पाच फूट रुंद असतो. न्यूयॉर्क आणि हँबुर्ग येथील स्टाइनवे कारखान्यांचा सर्वांत मोठा नमुना २७४ सेंटिमीटर लांब आहे, आणि त्याचे वजन पाचशे किलोग्रॅमच्या घरात जाते. आता मुंबईत १९२०च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या त्यांतील एक खोली डोळ्यांपुढे आणा. तिचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. या एका खोलीत एकेक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या नांदले. नऊ फुटी पियानो तीत आणून ठेवला, तर तो एकटाच पंचेचाळीस चौरस फूट, म्हणजे खोलीच्या चतुर्थांशाहून अधिक जागा व्यापील. वाजविणाराची बैठक वेगळीच. अशा घरात पियानो ठेवावयाचा की माणसे, असा प्रश्न पडेल!

हा प्रश्न केवळ मुंबईचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. लंडन, पॅरिस, व्हिएन्ना व न्यूयॉर्क येथील मध्यमवर्गीय गृहस्थांना तो दोनशे वर्षे छळीत आला आहे. किंबहुना पियानोचा इतिहास म्हणजे राजवाड्यात जन्मलेल्या एका लांबलचक वाद्याला सामान्य माणसाच्या घरात कसे बसवावे, या खटपटीचा इतिहास, असे म्हणण्यास फारसा प्रत्यवाय नाही. ती खटपट कोठवर साधली आणि तीत काय गमवावे लागले, हे आज आपणांस पाहावयाचे आहे. कारण लहान खोलीसाठी ग्रँड पियानो घ्यावा की न घ्यावा, याचे उत्तर त्या इतिहासातच दडलेले आहे.

या वाद्याचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा इटलीतील पादुआ येथला कारागीर. तो १६५५ साली जन्मला आणि फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातील राजपुत्र फर्दिनांदो याच्या पदरी वाद्ये तयार करण्याच्या व राखण्याच्या कामावर राहिला. त्या काळी हार्प्सिकॉर्ड नावाचे पट्ट्यांचे वाद्य प्रचारात होते. त्यात पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाची काडी तार छेडीत असे. बोट हळू दाबा की जोराने मारा, नाद जवळजवळ सारखाच निघे. क्रिस्तोफोरीने तार छेडण्याऐवजी तिच्यावर लहानशी हातोडी आपटण्याची योजना केली आणि आघात होताच ती हातोडी तारेपासून सुटून मागे येईल अशी यंत्ररचना बसविली. त्यामुळे बोटाचा हलकेपणा व जोर स्वरात उतरू लागला. १७०० साली केलेल्या मेदिची वाद्यसंग्रहाच्या यादीत या नव्या वाद्याचा उल्लेख आढळतो. मृदू आणि मोठा असे दोन्ही नाद ते काढते, हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणून तेथे नोंदले आहे. ‘पियानो’ म्हणजे मृदू व ‘फोर्ते’ म्हणजे जोरकस. या दोन इटालियन शब्दांवरूनच पुढे वाद्याला नाव मिळाले. क्रिस्तोफोरीने केलेले तीन पियानो आज शिल्लक आहेत. ते १७२०, १७२२ व १७२६ या सालांचे असून अनुक्रमे न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिग येथील संग्रहालयांत ठेवलेले आहेत.

हे तिन्ही पियानो आकाराने आजच्या ग्रँडचेच पूर्वज आहेत. खर्जाच्या तारा लांब, तार सप्तकाच्या आखूड, आणि त्या सर्व वाजविणाराच्या समोर सरळ पसरलेल्या. म्हणून पेटीचा आकार एका बाजूस लांब व दुसऱ्या बाजूस निमुळता झाला. तो शोभेसाठी आलेला नाही. तारांच्या लांबीने तो ठरविला आहे. राजवाड्यात जागेला तोटा नव्हता, त्यामुळे तो कोणाला खुपलाही नाही. सामान्य गृहस्थ गिऱ्हाईक म्हणून पुढे आला तेव्हा अडचणीला सुरुवात झाली.

या अडचणीचे मूळ सृष्टिनियमात आहे, म्हणून त्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मारँ मेर्सेन या फ्रेंच विद्वान धर्मोपदेशकाने १६३६ साली तारेच्या स्वराचे नियम मांडले. तार दुप्पट लांब केली, आणि तिचा ताण व जाडी तीच ठेवली, तर स्वर एक सप्तक खाली उतरतो. सतार किंवा तंबोरा हाताळणाऱ्यास हे अनुभवाने ठाऊक असतेच. आता आधुनिक पियानोत सात सप्तकांहून अधिक स्वर असतात. पट्ट्या एकंदर ८८. सर्वांत वरच्या स्वराची तार जेमतेम दोन इंच लांब असते. प्रत्येक सप्तकाला लांबी दुप्पट करीत गेलो तर सात सप्तके खाली तिची लांबी दोनशे छप्पन इंच, म्हणजे एकवीस फुटांच्या वर होईल! एवढे वाद्य राजवाड्यातही मावणार नाही. म्हणून खालच्या तारा आखूड ठेवून, त्यांची उणीव वजनाने भरून काढावी लागते. पोलादी तारेवर तांब्याची तार गुंडाळतात, ती याचसाठी. नऊ फुटी पियानोतही सर्वांत लांब तार साडेसहा फुटांच्या आसपासच असते. म्हणजे जगातील उत्तमोत्तम पियानो हीसुद्धा एक तडजोडच होय. लहान पियानोत ती तडजोड वाढत जाते, एवढाच काय तो फरक.

गृहस्थाच्या घरात शिरण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न लंडनमध्ये झाला. योहान्नेस त्सुंपे नावाच्या जर्मन कारागिराने तेथे चौकोनी पियानो करून विकण्यास आरंभ केला. त्याच्या हातचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने वाद्य १७६६ सालचे आहे. त्याची युक्ती साधी होती. त्याने तारा वाजविणाराच्या समोर न ताणता डावीकडून उजवीकडे तिरप्या ताणल्या. त्यामुळे वाद्य सुमारे चार फूट लांब व दीड फूट रुंद अशा मेजासारख्या पेटीत बसले. भिंतीला टेकवून ठेवावे, काम झाले की झाकण लावावे, आणि वर फुलदाणी ठेवावी! आवाज बेताचा होता, यंत्ररचना क्रिस्तोफोरीच्या मानाने पुष्कळच सोपी, म्हणजे खरे पाहता कनिष्ठ होती; परंतु किंमत आवाक्यातली आणि जागा थोडी. लंडनच्या गृहस्थवर्गात हे वाद्य झपाट्याने पसरले. थोर बाख याचा धाकटा मुलगा योहान ख्रिस्तियान याने १७६८ साली लंडनच्या एका जाहीर जलशात पियानो एकट्याने वाजविला, तोही असलाच चौकोनी पियानो असावा, असे मानले जाते. पुढे जॉन ब्रॉडवुड याने १७८३ साली या वाद्यात महत्त्वाची सुधारणा करून तिचे पेटंट घेतले आणि चौकोनी पियानो इंग्लंडमध्ये घरोघर जाऊन पोचला.

त्या काळच्या समाजात या दोन आकारांना काय अर्थ होता, हे पाहावयाचे असल्यास जेन ऑस्टिन या लेखिकेच्या ‘एमा’ या कादंबरीकडे वळावे. ती १८१५ सालच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तीत जेन फेअरफॅक्स नावाची एक गरीब, परंतु संगीतात निष्णात अशी तरुणी आहे. ती आपल्या मावशीच्या व आजीच्या बिऱ्हाडी येऊन राहते. बिऱ्हाड म्हणजे धंदेवाईक लोकांच्या घरातला एक मजला. तेथे एके दिवशी लंडनच्या ब्रॉडवुडकडून अचानक एक पियानो येऊन दाखल होतो. पाठविणाराचे नाव नाही. गावभर तर्कवितर्क सुरू होतात. हे वाद्य ग्रँड नाही, मोठ्या आकाराचे चौकोनी आहे, असे लेखिकेने मुद्दाम सांगितले आहे. ही वार्ता सांगणाऱ्या मिसेस कोल यांच्या दिवाणखान्यात मात्र नवाकोरा ग्रँड पियानो आहे. आणि आपल्याला एक स्वर दुसऱ्यापासून ओळखता येत नाही, अशी कबुली त्या बाई स्वतःच देतात. ज्या घरात जागा आहे तेथे वाजविणारे कोणी नाही, आणि जेथे वाजविणारी आहे तेथे जागा नाही! ज्याने ती भेट पाठविली त्याने निदान खोलीचे माप तरी ध्यानात घेतले होते. घरी वाद्य घेणाराने पहिला प्रश्न कोणता विचारावा, ते या प्रसंगावरून कळते. घर केवढे, हे नंतर पाहावे. घरात बोटे कोणाची आहेत, हे आधी पाहावे.

जमिनीवर जागा नसेल तर वर आहे, असा विचार दुसऱ्या काही कारागिरांना सुचला. विल्यम स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने १७९५ साली आख्खा ग्रँड पियानो उभा करून पुस्तकांच्या कपाटासारख्या पेटीत घालण्याचे पेटंट घेतले. तारांच्या निमुळत्या बाजूस जी जागा मोकळी राहिली तीत त्याने फळ्या ठोकून पुस्तके ठेवण्याची सोय केली. व्हिएन्नाच्या बाजूस अशा उभ्या पियानोंची एक बाजू जिराफाच्या मानेसारखी उंच जात असे, म्हणून त्यांना जिराफ पियानो असे नावच पडले. जागा वाचली खरी, पण हे धूड घराच्या छताला टेकू लागले. मग १८०० साली फिलाडेल्फियात जॉन आयझॅक हॉकिन्स याने आणि त्याच सुमारास व्हिएन्नात मथियास म्युलर याने, स्वतंत्रपणे, निराळाच मार्ग काढला. त्यांनी तारा पट्ट्यांच्या पातळीवरून वर नेण्याऐवजी थेट जमिनीपर्यंत खाली उतरविल्या. आज आपण घरांतून व शाळांतून जो उभा पियानो पाहतो त्याचा पाया येथे घातला गेला. लंडनच्या रॉबर्ट वॉर्नम याने १८११ पासून लहान उभ्या पियानोंच्या रचनेत एकामागून एक सुधारणा केल्या. आणि पॅरिसच्या आंरी पाप याने १८२८ साली खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या, फुलीसारख्या ओलांडून नेण्याची युक्ती लहान उभ्या पियानोत अमलात आणली. चौकोनाची कड जेवढी असते त्याहून त्याचा कर्ण मोठा असतो, हा भूमितीचा धडा त्याने कामी लावला. तेवढ्याच पेटीत तार अधिक लांब बसू लागली.

अशा लहान वाद्यावर थोर संगीत निर्माण होऊ शकते काय, अशी शंका येणे साहजिक आहे. तिला शोपँच्या चरित्रात उत्तर मिळते. १८३८ सालच्या हिवाळ्यात हा पोलिश संगीतकार, क्षयासारख्या दुखण्याने खंगलेला, जॉर्ज सांड या लेखिकेसह मायोर्का बेटावर जाऊन राहिला. व्हाल्देमोसा येथील एका जुन्या मठातील खोल्या त्यांनी राहण्यासाठी घेतल्या. पॅरिसच्या प्लेयेल कारखान्याकडून त्याने एक लहानसा उभा पियानो मागविला होता. तो समुद्रमार्गे आला खरा, परंतु जकातीच्या चौकीवर अडकून पडला. तोवर शोपँला बेटावरच मिळालेल्या एका साधारण वाद्यावर भागवावे लागले. अखेरीस १८३९च्या जानेवारीत प्लेयेल मठात पोचला. आणि फेब्रुवारीत शोपँने बेट सोडले. या मुक्कामात त्याने आपली चोवीस प्रिल्यूड पुरी केली. पियानोच्या साहित्यातील ही रत्ने अशा वाद्यांच्या संगतीत, मठातील खोलीत पूर्णत्वास गेली. वाद्य लहान असले म्हणून संगीत लहान होत नाही, एवढे या उदाहरणाने सिद्ध होते.

मग ग्रँड पियानोच हवा, हा हट्ट लोक का धरतात? केवळ प्रतिष्ठेसाठी, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. आणि मिसेस कोल यांच्यापुरते ते खरेही आहे. परंतु जो खरोखर वाजवितो त्याच्या हट्टाला दुसरे सबळ कारण असते. ग्रँडमध्ये तारा आडव्या असतात व हातोडी खालून वर उडते. आघात झाल्यावर ती आपल्या वजनानेच खाली येते. उभ्या पियानोत हातोडी समोर जाते आणि तिला मागे आणण्यासाठी कमानीची व फितीची मदत घ्यावी लागते. शिवाय पॅरिसच्या सेबास्तियाँ एरार याने १८२१ साली अशी रचना शोधून काढली की पट्टी पुरती वर न येताच तोच स्वर पुन्हा वाजविता यावा. आजच्या ग्रँडमधील यंत्ररचना तिच्यापासूनच निघालेली आहे. साधारण उभ्या पियानोत ती नसते. एकच स्वर भराभर वाजविणे, किंवा अत्यंत हलका स्वर नेमका काढणे, या गोष्टी ग्रँडवर जेवढ्या सहज साधतात तेवढ्या उभ्यावर साधत नाहीत. म्हणजे ग्रँडचा खरा लाभ आवाजाच्या मोठेपणात नसून बोटांच्या स्वातंत्र्यात आहे. हा लाभ लहान ग्रँडमध्येही बहुतांशी कायम राहतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ग्रँडला आखूड करता येणे शक्य झाले ते लोखंडामुळे. आखूड तारेतून जोरकस नाद हवा तर ती जाड आणि ताठ हवी. आणि तशा शेकडो तारांचा ताण लाकडी चौकट सोसू शकत नाही. बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉक याने १८२५ साली चौकोनी पियानोसाठी एकसंध ओतीव बिडाच्या सांगाड्याचे पेटंट घेतले. त्याच शहरातील जोनास चिकरिंग याने १८४३ साली तसा सांगाडा ग्रँडसाठी सिद्ध केला. पुढे न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कुटुंबाने १८५९ साली ओलांडून जाणाऱ्या तारांची योजना बिडाच्या सांगाड्यासह ग्रँडमध्ये आणली. ही मंडळी जर्मनीतून अमेरिकेत गेलेली. त्यांनी आपला कारखाना १८५३ साली काढला, आणि योगायोग असा की बर्लिनचा बेखस्टाइन व लाइपझिगचा ब्ल्यूटनर हे दोन नामांकित कारखानेही त्याच साली सुरू झाले. आजच्या ग्रँडमध्ये सुमारे दोनशे तीस तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण अठरा ते वीस टन भरतो. तो सारा भार बिडाच्या सांगाड्यावर असतो. हा सांगाडा आला आणि चौकोनी पियानोचे दिवस भरले. घरात उभा, सभागृहात ग्रँड, अशी वाटणी झाली.

परंतु गृहस्थाच्या मनातून ग्रँड गेला नव्हता. लहान दिवाणखान्यात मावेल असा ग्रँड करण्याची चढाओढ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागली आणि विसाव्या शतकात ती शिगेस पोचली. अशा वाद्याला इंग्रजीत लाडाने ‘बेबी ग्रँड’ म्हणू लागले. स्टाइनवेच्या आजच्या नमुन्यांकडे पाहिले तर ही उतरण डोळ्यांना दिसते: २७४, २११, १८८, १८०, १७० आणि शेवटी १५५ सेंटिमीटर. हा शेवटचा नमुना १९३०च्या दशकात, म्हणजे जागतिक मंदीच्या काळात बाजारात आला. १९०९ साली अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले होते. पुढे फोनोग्राफ, मग आकाशवाणी आणि त्यावर मंदी, असे तीन आघात या धंद्यावर झाले. उरलेल्या गिऱ्हाइकाला लहान बिऱ्हाडातच गाठणे कारखानदारांना भाग पडले. ज्या रेडिओने पियानोची घरातील जागा घेतली, त्या रेडिओवरूनच आपण हे ऐकावे, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा!

येथे एक गंमत आहे. लांबी २७४ वरून १५५वर आली. रुंदी मात्र जवळजवळ होती तेथेच राहिली. कारण रुंदी पट्ट्यांनी ठरते, आणि पट्ट्यांची रुंदी माणसाच्या हाताने. एका सप्तकाला साडेसहा इंच, याप्रमाणे ८८ पट्ट्यांना चार फूट लागतात; दोन्ही बाजूंच्या भिंती धरून वाद्य पाच फुटांच्या जवळ जाते. हाताचा पंजा लहान करता येत नाही, म्हणून पियानोला फक्त शेपटीकडूनच कापता येते. आणि शेपटीत असतो तो खर्ज.

कापण्याची किंमत काय, ती आपल्या श्रोत्यांस तंबोऱ्याच्या उपमेने चटकन समजेल. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. प्रत्येक तारेच्या मूळ स्वरासोबत असे अनेक उपस्वर निघत असतात, आणि ते मूळ स्वराशी नेमक्या प्रमाणात असले म्हणजे नाद भरीव व गोड लागतो. परंतु तार आखूड व जाड झाली की ती तारेसारखी न वागता थोडी सळईसारखी वागू लागते. तिचे उपस्वर नेमक्या जागेहून वर चढतात. मग खर्जाचा स्वर गढूळ ऐकू येतो. पुष्कळदा तो कोणता स्वर आहे हेच कानाला नीट कळत नाही. याच कारणासाठी स्वर जुळविणारा कारागीर तार सप्तक किंचित चढे व खर्ज किंचित उतरता ठेवतो. रेल्सबॅक नावाच्या शास्त्रज्ञाने १९३८ साली हे प्रत्यक्ष मोजून दाखविले. वाद्य जितके आखूड, तितकी ही ओढाताण अधिक. फार लहान ग्रँडची मधली सप्तके मधुर असू शकतात. परंतु डाव्या हाताखालच्या शेवटच्या दीड सप्तकात त्याचे बिंग फुटते.

यावरून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. सव्वाचार फूट उंचीचा उत्तम उभा पियानो घेतला, तर त्यातील तिरपी ताणलेली खर्जाची तार पुष्कळदा पाच फुटी ग्रँडच्या तारेएवढी, क्वचित तिच्याहूनही लांब असते. उभा पियानो जागा खातो दहा चौरस फूट. लहान ग्रँड खातो चोवीस-पंचवीस. म्हणजे केवळ नादासाठी पाच फुटी ग्रँड घेणारा मनुष्य अडीचपट जागा देऊन तेवढाच, किंवा थोडा कमीच, खर्ज विकत घेतो! परंतु बोटांसाठी घेणारा मनुष्य फसत नाही. त्याला एरारची यंत्ररचना मिळते. तेव्हा खरेदीपूर्वी आपल्याला नाद हवा आहे, बोटांचे स्वातंत्र्य हवे आहे, की दिवाणखान्याची शोभा हवी आहे, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे निवाडा करावा. पहिले हवे असेल तर उंच उभा पियानो; दुसरे हवे असेल तर साडेपाच ते सहा फुटांचा ग्रँड, आणि तो न मावेल तरच त्याहून आखूड; तिसरेच हवे असेल तर एखादे सुबक मेज पुष्कळ स्वस्तात मिळते.

आणखी दोन-तीन गोष्टी जागेच्या अनुषंगाने सांगितल्या पाहिजेत. वाद्याच्या लांबीत वाजविणाराच्या बैठकीचे अडीच-तीन फूट धरले पाहिजेत; खोली मोजताना नेमके हेच विसरले जाते. वाद्याच्या आकाराचा कागद कापून तो जमिनीवर अंथरून पाहावा, आणि दोन दिवस त्याच्याभोवतीने वावरावे. सूज्ञ गिऱ्हाईक हेच करते. दार आणि जिना यांची मापेही आधी घ्यावी. ग्रँडचे पाय निघतात, ते आडवे कुशीवर करून दारातून नेता येते. तरी लहानात लहान ग्रँडचे वजन अडीचशे किलोग्रॅमच्या आसपास असते. लहान खोलीत मोठा आवाज भिंतींवर आदळून कानठळ्या बसवितो. त्यास झाकण मिटून वाजविणे, जाड सतरंजी अंथरणे, भिंतीशी पुस्तकांची कपाटे ठेवणे हे उपाय आहेत. आणि आपल्या कोकणपट्टीच्या हवेत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. पियानोच्या नादाचा आत्मा तारांखालील पातळ लाकडी फळीत असतो. पावसाळ्यात ती ओल पिऊन फुगते, स्वर चढतात. कोरड्या दिवसांत ती आक्रसते, स्वर उतरतात. तारांना व खुंट्यांना गंज चढतो तो वेगळाच. म्हणून खिडकीजवळ किंवा पावसाची झड लागणाऱ्या भिंतीशी वाद्य ठेवू नये. गोव्यातील जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत पियानो असत, आणि मुंबईच्या पारशी व ख्रिस्ती कुटुंबांतही. तेथे वाद्याबरोबर स्वर जुळविणाराच्या फेऱ्यांचा खर्चही घराण्याच्या हिशेबात धरलेला असे.

आपल्या देशाने जागेच्या याच प्रश्नाला दिलेले उत्तर निराळे आहे, आणि तेही पाहण्याजोगे आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा ते पायांनी भाता चालविण्याचे, मेजाएवढे, खुर्चीवर बसून वाजविण्याचे वाद्य होते. ते हिंदुस्थानात आले. आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याचे पाय काढून टाकले, भाता पाठीमागे आणून एका हाताने चालविण्याजोगा केला, आणि वाद्य जमिनीवर, बैठकीवर आणून ठेवले. आपण भारतीय बैठकीला योग्य असे माप शोधले; पियानोला तसे करता आले नाही, कारण त्याची मापे तारेच्या नियमांना बांधलेली आहेत. पियानोत मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून आपल्या रागसंगीतात तो रुजला नाही हेही खरे. पण पाच फूट रुंद वाद्य कोणत्या घरात नेऊन ठेवावयाचे, हाही त्यात एक अडसर होताच.

सारांश, अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. तीनशे वर्षांत क्रिस्तोफोरीचे वाद्य आडवे झाले, उभे राहिले, तिरपे झाले, आखूड झाले आणि प्रत्येक वेळी त्याने घरात शिरण्यासाठी आपल्या स्वरातील काही ना काही मोल दिले. त्या मोलाचा हिशेब जाणून जो वाद्य घेतो त्याला लहान खोलीतही ते सुख देते. आणि खोलीत पियानो मावेल, पण तो वाजविण्यास घरात कोणी बसणार नाही, अशी शंका ज्याला येत असेल त्याने मिसेस कोल यांच्या दिवाणखान्याची आठवण ठेवावी. तेथे जागा भरपूर होती.